सॅक आत नेता येत नाही

धाकटी जाऊ आत गेली आणि थोरली बाहेर कट्ट्यावर मांडीवर सॅक घेऊन बसली. सॅक आत न्यायची नाही, हा या देशातल्या प्रत्येक जुन्या देवस्थानाचा नियम. आणि सामानघराला पैसे द्यायचे नाहीत, हा दोघींचा. म्हणून एकीने आत जायचं, दुसरीने सॅक सांभाळायची, मग अदलाबदल. अख्खा देश त्यांनी असाच पाहिला होता. खोलीचं भाडं वाचावं म्हणून रात्री बसमध्ये काढल्या होत्या, आणि जेवण म्हणजे पाव आणि केळं. हे शेवटचं ठिकाण होतं. संध्याकाळी परतीचं विमान.

थोरली नुकतीच आतून आली होती. आतला खांब लोकांच्या हातांनी गुळगुळीत झालेला, त्याच्यापुढे एकच दिवा. तिने डोळे मिटून खांबाला कपाळ टेकलं, आणि तिला आठवला तो सॅकमधला ओला टॉवेल. एव्हाना वास मारायला लागला असेल. सगळीकडे तिचं असंच झालं होतं. संसारातून चोरून पैसे बाजूला टाकले, गुडघे दुखत असताना डोंगर चढली, आणि प्रत्येक ठिकाणी देवापुढे उभी राहिली की मनात काय, तर टॉवेल, नाहीतर बसची वेळ.

आणि धाकटी? घरी देवाचं नाव काढलं की हिला जांभया यायच्या. दोघींची तिकिटं एकदम काढली तर स्वस्त पडत होती, म्हणून बरोबर आलेली. पण प्रत्येक ठिकाणाहून बाहेर पडताना हिच्या पापण्या ओल्या, नाक लाल, आणि पुढचा अर्धा तास तोंडातून शब्द नाही. विचारलं तर म्हणायची, "काही नाही हो ताई, असंच."

ते 'असंच' थोरलीला झोंबायचं. धाकटीचं घर मोठं झालं, तेव्हा थोरलीने स्वतः जाऊन सामान लावून दिलं होतं. तिच्या दागिन्यांकडे कधी वळून पाहिलं नव्हतं. पण हे मात्र तिला बघवत नव्हतं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं तिच्या मनात आलं. जावेला आपण कुत्रं म्हणालो याची लाज वाटायला हवी होती, पण उलट जरा बरंच वाटलं.

तिने बूट काढून काळ्या पडलेल्या अंगठ्यावर फुंकर घातली, बूट पुन्हा चढवला आणि उठली. समोरच सामानघर होतं. विमानतळावरच्या जेवणासाठी राखलेले पैसे तिने तिथे देऊन टाकले आणि सॅक आत सरकवली. आज बघायचंच, हिला असं काय दिसतं ते.

खांबापाशी धाकटी नव्हती. दिव्यापाशीही नव्हती. बाजूच्या बोळात हात धुवायचा एक नळ होता, तिथे ती पाठमोरी उभी होती. ओंजळीत पाणी घेऊन तिने दोन्ही डोळ्यांना लावलं. रुमालाने नाक खसाखसा चोळलं. मग मोबाइलच्या काळ्या काचेत तोंड पाहिलं आणि आणखी थोडं पाणी लावलं.

"हे काय चाललंय?"

धाकटी दचकली. "ताई! अहो, सॅक कुठाय?"

"सॅक गेली खड्ड्यात. हे काय, ते सांग."

धाकटीने नळ बंद केला.

"मला काही होतच नाही हो ताई. कुठेच झालं नाही. पहिल्या ठिकाणी तुम्ही आधी आत गेलात, आणि बाहेर आलात त्या कशा! डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझ्या खांद्यावर डोकं ठेवलंत, एक शब्द बोलला नाहीत. माझा नुसता जळफळाट झाला. म्हटलं, यांना देव भेटला आणि मी बसले सॅक राखत. मग मी कोरडी कशी बाहेर येऊ? तुम्हाला वाटलं असतं, हिला उगाच आणलं."

थोरलीने आपल्या बुटाकडे पाहिलं.

"अगं, माझ्या अंगठ्यावरून व्हीलचेअर गेली होती."

"काय?"

"आत गर्दी होती. एका आजोबांची व्हीलचेअर. नख अजून काळं आहे. कळ अशी डोक्यात गेली, बोलणार काय, कपाळ?"

"मग सांगितलं का नाहीत?"

काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी, असं थोरलीच्या मनात आलं. पण आता देवाच्या दारात उभी होती.

"तू माझ्याकडे अशी बघत होतीस ना," ती म्हणाली, "तसं कधी कुणी माझ्याकडे बघितलंच नव्हतं. सांगवेना मग."

आधी धाकटीला हसू फुटलं. थोरलीने तिला चिमटा काढला आणि तिलाही ते आवरेना. दिव्याजवळच्या रखवालदाराने ओठांवर बोट ठेवलं. दोघी घाईघाईने खांबाकडे गेल्या, कपाळं टेकली, तोंडं हातांत झाकली. खांदे गदागदा हलत होते. गालांवरून खरंखुरं पाणी वाहत होतं.

खांबाच्या पलीकडे एक अनोळखी बाई मघापासून डोळे मिटून उभी होती. खांद्यांवर कपड्याला सॅकच्या पट्ट्यांनी पडलेल्या सुरकुत्या, पायांत धुळीने भरलेले बूट. तिने डोळे उघडले. रडून रडून हलणाऱ्या या दोघींकडे पाहिलं, मग दिव्याकडे, मग पुन्हा या दोघींकडे.

थोरलीने बोटांच्या फटीतून पाहिलं. ती नजर तिला कुठेही ओळखता आली असती.