आदराने भांडण

बाळकुमच्या मैदानावर बेसबॉलची शालेय फायनल. शेवटच्या धावेसाठी जमिनीतल्या होम प्लेटला पाय लावायला दक्षता घसरत आली आणि अंपायरने तिला आउट दिलं. सामनाच गेला!

"रडू नका गं. अंपायरशी आदराने कसं भांडायचं, ते बघा आता," असं मुलींना सांगून कोच प्रणित बाह्या सरसावत निघाला.

अंपायर होते दामाजी सर, प्रणितला शाळेत हाच खेळ शिकवलेले. त्यामुळे भांडणाआधी पाया पडणं आलंच. तो वाकला, तर नाकासमोरच होम प्लेट. दक्षताच्या घसरण्याचा मातीतला चर प्लेटच्या चांगला वीतभर अलीकडेच थांबलेला.

"बोल, काय म्हणणं आहे?" सरांनी विचारलं.



"काही नाही, सर. बऱ्याच दिवसांत भेट नव्हती, नमस्कार करायला आलेलो."