चंपाची ओटी

आमच्या चंपाला, म्हणजे मी पाळलेल्या सापिणीला, अंडी घालायला बारा दिवस उशीर झाला होता. सोमवारी व्हेट डॉक्टरने एक्स-रेत अकरा अंडी दाखवली होती.

नागपूरहून नॉटिंगहॅमला आलेल्या आईला राहवेना. "आसावरी, पोटुशी आहे गं ती. ओटी भरल्याशिवाय सुटका कशी होईल?" म्हणत तिने माझ्या नकळत चंपाच्या काचेच्या पेटीत मूठभर तांदूळ आणि नारळ ठेवला. मी चिडले, पण चंपा नारळाला वेटोळं घालून शांत पडली होती, म्हणून राहू दिलं.

आज दुपारी पुन्हा एक्स-रे काढला. पोट रिकामं. व्हेट मलाच विचारत होती, अंडी कुठे आहेत म्हणून.

घरी येऊन मी पेटीचं कुलूप काढलं, तळाशी अंथरलेलं ओलं शेवाळ उपसलं, तांदूळसुद्धा चाळले. साधं टरफल नाही.

"मोकळी झाली ना? मग नारळ वाढवते," आई म्हणाली. पाणी आहे का बघायला तिने सवयीने तो कानाशी हलवला आणि पांढरीफटक पडली. तिने तो माझ्या कानाला लावला.

नारळ अखंड होता. आईचा हात स्थिर होता.

आत कुणीतरी सावकाश कूस बदलली. मग आणखी कुणीतरी.