माळाची धाप

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण आमचं माळरान भर दुपारी धापा टाकतं.

गवताचा श्वास मोजायला माळावर मनोरा उभारलाय. कुंपणात जनावर शिरू न देणं, हे माझं काम. पुण्याहून आलेल्या ताई सकाळपासून मनोऱ्याभोवती येरझाऱ्या घालत होत्या.

"बिरूमामा, उन्हात गवतानं कार्बन आत घ्यायला हवा. इथं रोज दुपारी कुणी उच्छ्वास सोडावा तसा बाहेर पडतोय. यंत्रच बिघडलंय म्हणून साहेब उद्या मनोरा उतरवतील."

मनोरा गेला की माझी राखणही गेली. मी म्हटलं, "बिघडलंय कुठलं? दुपारी लांडगा येतो, ताई. त्याला बघून गवताला धाप लागते."

ताई थबकल्या. लॅपटॉप उघडत म्हणाल्या, "रोज येतो?"

"रोज. मनोऱ्याच्या बुडाशी, सावलीला बसतो."

भाकरी घेऊन आलेली माझी बायको कुंपणापाशी उभी राहून ऐकत होती.

"अहो, लांडगा तिथं बसत असता, तर तुमची मेंढरं रोज दुपारी त्याच्या मांडीला मांडी लावून रवंथ करत बसली असती का?"