प्लास्टरचा साचा

कवळ्या बनवण्यात बाबांचा हात धरणारं कोणी नव्हतं. लेकीचे वरचे पुढचे दात खालच्यांना पार झाकून टाकायचे, म्हणून त्यांनी तिच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा केला, त्यातले दात कापून मेणात सुबक बसवले आणि तो हौसेनं डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला. “तारा लावल्या की असे दिसतील.” बाईंनी एक्सरे उजेडाकडे धरला. “साचा झकास आहे, पण साच्यात हाड दिसत नाही. हिच्या पुढच्या दातांभोवतीचं हाड विरघळून गेलंय. तारा सोडाच, हे चार दात काढावे लागतील.” त्या लेकीकडे वळल्या. “हिरड्यांतून रक्त कधीपासून येतंय?” “चार वर्षं,” ती बाबांकडे न बघता म्हणाली. ‘ब्रश जोरात घासतेस म्हणून,’ असं बाबांनीच सांगितलं होतं. लेकीनं साचा बाबांच्या हातात दिला. “कवळी करताना असे सुबक नका लावू, माझे होते तसेच लावा.”