बेचाळीस दिवसांचं औषध

"पू तसाच आहे." डॉक्टर मोडकांनी तपासणीचा कागद टेबलावर ठेवला. "जंतूही तेवढेच. हैबती, गोळ्या घेतल्यास की नाही?"

हैबतीने मान खाली घातली. महाडच्या त्या दवाखान्यात तो बाकावर आई आणि बायको यांच्या मधोमध बसला होता, आणि दोघींपैकी एकीकडेही बघायची त्याची छाती होत नव्हती.

उत्तर त्याच्या आईने, येसूबाईने दिलं. "घेतल्या की, डाक्टर. एक दिस चुकवला नाय. सकाळ-संध्याकाळ देवाफुडं ठेवून मीच हातावर देत व्हते." असं म्हणून तिने पलीकडे बसलेल्या सुनेकडे बोट केलं. "इचारा हिला."

"हिला? गोळ्या हिने घेतल्या?"

"मग? प्वार तिलाच व्हायचं ना?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "किती घेतल्यास गं?"

"समद्या," ठमाबाई म्हणाली. "चौऱ्याऐंशी."

त्या गोळ्यांनी तिचं तोंड आलं होतं. महिनाभर ती नुसत्या पेजेवर होती, आणि बांधाला जाऊन ओकून येत होती. पण डॉक्टरांचं औषध आहे म्हटल्यावर तक्रार तरी कोणाकडे करायची?

आता यात येसूबाईचं तरी काय चुकलं म्हणा. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीत लग्नाला सात वर्षं होऊनही पाळणा हलला नाही, की काढा, अंगारा, ताईत, जे काय मिळेल ते बाईच्याच पोटात नाही तर गळ्यात जातं. याचं औषध पुरुषाने खायचं असतं, हे वाडीत कोणी ऐकलेलंच नव्हतं. लेकाने औषधाचं पुडकं आणलं, तिने त्यातल्या गोळ्या सुनेला चारल्या.

चुकला तो हैबती. गेल्या खेपेला डॉक्टरांनी त्याला एकट्याला बसवून सगळं फोड करून सांगितलं होतं. लघवीच्या पिशवीखाली पुरुषाला आवळ्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यात जंतू मुरून बसलेत. बीज त्या ग्रंथीच्या रसात मिसळतं आणि तिथेच मार खातं. ओटीपोट दुखतं, लघवीला आग होते, ती त्याच जंतूंनी. दोन वर्षं हैबती त्याला उन्हाळी लागली म्हणत होता, भर श्रावणातसुद्धा, आणि धण्याचं पाणी पीत होता. डॉक्टर म्हणाले होते, जंतू खोलवर आहेत, गोळ्या बेचाळीस दिवस घ्याव्या लागतील. गड्याला सगळं समजलं होतं. आणि तरी रोज दोन वेळा बायको त्याच्या देखत त्याचं औषध गिळत होती, तेव्हा हा भिंतीकडे तोंड करून विडी ओढत होता.

"बाई," डॉक्टर येसूबाईला म्हणाले, "सुनेची तपासणी आधीच झालीय. तिच्यात काही दोष नाही. दुखणं तुमच्या मुलाचं आहे."

"आसं कुठं आसतंय? माजा ल्योक बैलावानी राबतोय."

"राबत असेल. राबणाऱ्याला जंतू होत नाहीत असं थोडंच आहे?"

येसूबाईला हे पटेना. येत्या सोमवारी सुपारी फुटायची होती. खालच्या वाडीतली एक मुलगी तिने लेकासाठी बघून ठेवली होती. ठमाबाईला गोळ्या लागू पडल्या तर ठीक, नाही तर नवी सून आणायची, असं तिचं ठरलं होतं, आणि गोळ्या लागू पडल्या की नाही, तेवढंच विचारायला ती आज आली होती. "मग दुसरी केली तरी..." ती म्हणाली.

"दुसरी करा नाही तर तिसरी. जंतू याचे आहेत, ते याच्याबरोबरच राहणार. आधी ते जायला हवेत. मग मूल होईलच असंही मी लिहून देत नाही. पण हिने गोळ्या खाऊन ते जाणार नाहीत, एवढं नक्की."

येसूबाई लेकाकडे वळली. "तुला ठाव व्हतं रे?"

हैबती समोरच्या ब्याऐंशी सालच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. खोटं बोलायला आता जागाच उरली नव्हती. "व्हतं."

"मग बोलला का नाय?"

"लाज वाटली, आये."

ठमाबाईने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. सात वर्षांत तिने असं सरळ त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. तिला रडू आलं नाही. राग आला होता, आणि तो तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. हैबतीला वाटलं, हिने चारचौघांत दोन शिव्या घातल्या असत्या तरी बरं झालं असतं.

डॉक्टरांनी नवी चिठ्ठी लिहिली. कंपाउंडरने गोळ्यांचं पुडकं आणि पाण्याचा पेला आणून ठेवला. "पहिली गोळी इथेच," डॉक्टर म्हणाले, "माझ्यासमोर."

पेला येसूबाईच्या जवळ होता. तिने गोळी हातात घेतली, पेला उचलला, आणि गेला दीड महिना हाताला लागलेल्या सवयीने दोन्ही सुनेपुढे धरले.

ठमाबाईने हात मांडीवरून हलवला नाही.

"आत्या," ती म्हणाली, "सोमवारनंतर ती पोर घरात आली, म्हंजी ह्या गोळ्या तिला चाराल?"

येसूबाईचा हात तसाच राहिला. कंपाउंडरने उगाच बाटल्यांची झाकणं लावायला घेतली.

हैबती उठला. आईच्या हातातून त्याने गोळी घेतली, पेला घेतला. गोळी मोठी होती. ती घशात अडकली, पाणी संपलं, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आजून पानी," तो कसाबसा म्हणाला.

कंपाउंडर वळेपर्यंत येसूबाई उठली होती. तिने लेकाच्या हातातला रिकामा पेला घेतला, कोपऱ्यातल्या माठाशी गेली आणि तो काठोकाठ भरून घेऊन आली.