रेघ चढेना

"पट्टा सैल बांधलायस!" खासनीस सर खाटेवरून ओरडले. मी त्यांच्या हातावरचा रक्तप्रवाह मोजणारा पट्टा पुन्हा आवळला.

आमच्या प्रयोगात हाताच्या धमनीत थोडं थोडं इन्सुलिन सोडतात. निरोगी माणसाच्या रक्तवाहिन्या त्यानं सैलावतात, रक्त जास्त वाहतं आणि आलेखाची रेघ वर चढते. वजन आणि बीपी दोन्ही वाढलेल्यांची सहसा चढत नाही. आज निरोगी गटातला माणूस आलाच नाही, म्हणून रोज टेकडी चढणारे आमचे काटकुळे सर स्वतःच बाही सारून आडवे झाले. आधी बीपी बघू म्हटलं, तर म्हणाले, "मला काय धाड भरलीय?"

रेघ हलेना.

"यंत्र बिघडलंय. बंद करून चालू कर."

केलं. तशीच. सरांचे पाय चादरीखाली सारखे चुळबुळत होते. शेवटी मी न विचारताच दुसऱ्या हाताचं बीपी मोजलं. एकशे सत्तर. सर झटक्यात उठायला लागले.

"हलू नका हो डॉक्टर," बाकावर चहा पिणाऱ्या, वजन-बीपी वाढलेल्या गटातल्या कौसल्याबाई कळवळून म्हणाल्या. सकाळी त्यांची रेघ चढली नाही, तेव्हा सर त्यांच्यावर डाफरले होते, "तोंडावर ताबा ठेवा जरा!"

सुई निघाल्यावर सरांनी दोघांचे आलेख मागून घेतले, शेजारी शेजारी धरले आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

"यातला माझा कुठला रे?"

मला कागद उलटून नावं बघावी लागली.