दोन हात आखूड

तुळई पोचली नाही. एक टोक चर्चच्या डाव्या भिंतीवर नीट टेकलं आणि दुसरं उजव्या भिंतीपासून चांगलं दोन हात अलीकडे, दोरांवर लोंबकळत राहिलं. वरचे सुतार खाली बघायला लागले, खालचे वर.

कॉर्ड डीरकिंग मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. चाळीस वर्षं लाकूड कापत आलेला माणूस, एक बोट कधी चुकला नव्हता. त्याने दुसरी तुळई मोजली, तिसरी मोजली. अठराच्या अठरा तेवढ्याच. मग त्याने नकाशा उलगडला आणि जन्मात पहिल्यांदा त्याचा खालचा कोपरा वाचला. बारीक अक्षरांत लिहिलं होतं : सर्व मापे प्रशियन फुटांत.

दोन वर्षांपूर्वी प्रशियाने हनोव्हरचं राज्य गिळलं, तेव्हापासून सरकारी कामाला बर्लिनचा फूट आला होता. हनोव्हरच्या फुटापेक्षा बोटभर लांब. पण कॉर्डच्या हातातली पट्टी आजोबांची होती. फूट तो फूट, तो कुठला हे बघायचं असतं हे कोणाच्या बापाला माहीत? तुळया गावच्या रानातल्या शेवटच्या उंच ओकांच्या होत्या. त्या लांबीचं झाड पंचक्रोशीत उरलं नव्हतं. मिस्त्रीपद जाणार, नाव जाणार आणि गावाचं चर्च बिनछपराचं राहणार, हे त्याला लख्ख दिसलं.

नेमके त्याच सकाळी बर्लिनचे तपासनीस फॉन प्राल आले होते. सोबत वास्तुविशारद लुडॉल्फ वीब्रांट. वीब्रांटसाहेबांनी बावीस चर्चं, सहा स्टेशनं आणि शाळा किती ते त्यांनाच ठाऊक, एवढं बांधलं होतं. साठीला आले होते. बर्लिनच्या बांधकाम मंडळात त्यांना खुर्ची मिळणार अशी बोलवा होती, आणि ती याच फॉन प्रालच्या अहवालावर अडली होती.

"वा! छपराला भिंत आवडलेली दिसत नाही," फॉन प्राल म्हणाले. "हे कोणाचं कर्तृत्व? मिस्त्री, मोजता येतं ना तुम्हाला?"

कॉर्ड तोंड उघडणार, तेवढ्यात वीब्रांटसाहेबांनी त्याच्या हातातला नकाशा काढून घेतला. पाहिला. फॉन प्राल मान वर करून तुळईकडे बघत होते. साहेबांनी शांतपणे नकाशाचा खालचा कोपरा फाडला, त्याची सुरळी केली, डांबराच्या शेगडीवर धरली आणि तिने आपला पाइप पेटवला.

"मोजणी बरोबर आहे," ते म्हणाले. "चूक माझी. फूट कुठला ते लिहायचं राहिलं."

"तुमची? बावीस चर्चांनंतर?"

"तेविसाव्याला चुकलो. अहवालात तसंच लिहा."

फॉन प्रालनी तसंच लिहिलं, आणि फार आनंदाने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला साहेब नवा नकाशा घेऊन हजर. भिंतींपासून दोन-दोन पावलं आत खांबांची एकेक रांग, आखूड तुळया त्यांच्यावर. असल्या खांबांना पुरतील अशी झाडं रानात हवी तेवढी होती. कॉर्ड नकाशाकडे बघतच राहिला. हे तर त्याचंच घर होतं. गावाभोवतीच्या माळावरच्या प्रत्येक शेतकऱ्याचं घर असंच : मधे लांब दालन, दोन्हीकडे ओकाचे खांब, एका बाजूला गाई, एका बाजूला माणसं, वर एकच छप्पर. साहेबांनी पहिल्यांदा चर्च असंच काढलं होतं म्हणे. बर्लिनने त्यावर लाल शाई मारली होती. 'गोठा नको,' असा शेरा होता. आता मात्र तुळयाच आखूड पडल्यावर बर्लिन तरी काय करणार? निमूटपणे सही आली.

सप्टेंबरात छपराचा सांगाडा उभा राहिला. रिवाजाप्रमाणे सुतारांनी माथ्यावर हिरवं तोरण चढवलं, कॉर्डने वरून साहेबांना, गावाला, लाकडाला दुवा दिला, पेला रिकामा करून खाली फेकला आणि तो छान फुटला, म्हणजे शुभशकुन. बाया आत येऊन खांबांवरून हात फिरवत होत्या. एक म्हातारी आपल्या घरी बसावी तशी खांबाला टेकून बसली आणि रडली. असं काम त्या माळावर कोणी केलं नव्हतं.

कॉर्डला मात्र बिअर गोड लागेना. त्याने साहेबांना बाजूला घेतलं.

"साहेब, कोपऱ्यात लिहिलेलं होतं. मी वाचलंच नाही. तुमची बर्लिनची खुर्ची माझ्यापायी गेली. कसं फेडू?"

वीब्रांटसाहेबांनी मिशीचा फेस पुसला. जरा ओशाळलेच.

"फेडायचं मलाच आहे, मिस्त्री. त्या सकाळी तुमचा चेहरा पाहिला आणि माझी मलाच लाज वाटली. तुळया कापत होतात तेव्हा मी तीनदा तुमच्या अंगणात येऊन गेलो, आठवतं?"

"हो की. माझ्या बायकोच्या हातचा बकव्हीटच्या पिठाचा केक खाऊन गेलात."

"पट्टी कुठली होती ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

कॉर्डचा आ वासला. "मग बोलला का नाहीत?"

"बोलतो कशाला? तीन आठवडे मला एकच धास्ती होती," साहेब म्हणाले, "कोणी तरी तुम्हाला तो कोपरा वाचून दाखवेल."